उतार सोडायचा की धरायचा: घाटातल्या एका वणव्याचा निर्णय

इंदूरच्या मराठी कुटुंबांना घाट म्हटला की पावसाळ्यातले पाताळपाणी आठवते, तिंछाचा धबधबा आठवतो, जाम दरवाजावरचे धुके आठवते. एप्रिल महिन्यात त्या बाजूला सहसा कोणी फिरकत नाही. माझी सारी नोकरी वनखात्यात गेल्यामुळे घाट म्हटला की माझ्यासमोर मात्र पानगळ झालेला साग, मांडीपर्यंत वाढून वाळलेले कुसळी गवत आणि दुपारच्या उन्हात पायाखाली कुरकुरणारा पाचोळा असाच उतार उभा राहतो. मध्य प्रदेशात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो आणि त्या चार महिन्यांत माळव्याच्या पठाराचा दक्षिणेकडचा कडा, म्हणजे महूच्या खालून निमाडात उतरणारी विंध्याची भिंत, आमची झोप घेऊन जाते. हा कडा दक्षिणमुखी असल्यामुळे दिवसभर ऊन खातो आणि शेजारच्या कोणत्याही उतारापेक्षा लवकर वाळतो.

वणवा कसा विझवला याच्या हकिगती पुष्कळ सांगितल्या जातात. मला येथे विझवण्याच्या आधीचा भाग सांगायचा आहे. 2019 च्या एप्रिलमधल्या एका वणव्यात काय राखायचे, काय जाऊ द्यायचे आणि कोणत्या माणसाला कुठे उभे करायचे हे आम्ही कसे ठरवले, याची ही नोंद आहे. गावाचे आणि माणसांचे उल्लेख मी जाणूनबुजून मोघम ठेवले आहेत.

खबर दुपारी अडीचच्या सुमारास आली आणि ती दिली आमच्या एका चौकीदाराने, पलीकडच्या दांडावरून, म्हणजे डोंगराच्या सोंडेवरून, मोबाइलला रेंज मिळते त्या एकमेव दगडावर उभे राहून. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था 2004 पासून उपग्रहांच्या आधारे वणव्यांच्या सूचना देत आली आहे आणि त्याच वर्षी, जानेवारी 2019 मध्ये, तिने सूचनायंत्रणेची नवी आवृत्ती सुरू केली होती. ती यंत्रणा उपयोगाची आहे, यात शंका नाही. परंतु 375 मीटरच्या चौकटीत आग टिपणारा उपग्रह आपल्या डोक्यावरून दुपारी दीडच्या आसपास जातो आणि पुन्हा रात्री दीडच्या आसपास, त्यामुळे दोन वाजता लागलेली आग त्याला रात्रीपर्यंत दिसत नाही. शिवाय सूचनेत येतो तो चौकटीचा मध्यबिंदू. डोंगरात तेवढ्या अंतरात ओढा ओलांडला जातो, दांड बदलतो आणि कधीकधी वनक्षेत्रही बदलते. म्हणून खबरीसाठी माझी भिस्त शेवटपर्यंत चौकीदारांवर राहिली.

त्या दिवशी माणसे कमी होती. लोकसभा निवडणूक तोंडावर आलेली, मे महिन्यात मतदान, आणि आमचे कितीतरी वनरक्षक प्रशिक्षणाला गेलेले. हाताशी उरले ते मी, आमचे डिप्टी रेंजर, तीन वनरक्षक आणि पाच चौकीदार. डिप्टी रेंजर महूचेच, मराठी घरातले, माझ्यापेक्षा वयाने मोठे. त्यांची पहिली सूचना गाडीत बसतानाच आली. "साहेब, वरच्या कडेला जाऊन बघायचं नाही. शेजारच्या दांडावर चढू, तिथून सगळं दिसेल."

ही सूचना अनुभवी माणसाचीच. आग खालून वर येत असताना तिच्या डोक्यावर जाऊन उभे राहिले, तर धुरापलीकडचे काही दिसत नाही आणि मधल्या न जळलेल्या गवताशी आपली गाठ पडते. चढाबाबत एक ढोबळ नियम वनखात्यात सगळीकडे शिकवला जातो: उतार 10 अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे 30 अंशांच्या उतारावर तो सपाटीच्या आठपट होतो. हा हिशोब वाचताना कोरडा वाटतो. आदल्याच वर्षी, मार्च 2018 मध्ये, तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरावर ट्रेकिंगला गेलेली माणसे अशाच वाळल्या गवताच्या उतारावर आगीत सापडून मेली होती. ती बातमी आमच्या सगळ्यांच्या मनात ताजी होती.

शेजारच्या दांडावरून जे दिसले ते असे. उताराच्या तळाशी, पायवाटेजवळच्या मोहाच्या झाडांखाली आग सुरू झालेली होती. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात आणि ती वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून देण्याची जुनी सवय आहे. बहुधा सकाळचेच एखादे धुमसणारे पान दुपारच्या वाऱ्याने उठले असावे. तिथून वर अर्धा-पाऊण किलोमीटरपर्यंत उतार सौम्य होता आणि त्यावर सागाचा पाचोळा होता. त्यात आग सावकाश सरकत होती, ज्वाळा गुडघ्याच्या आसपास, कुठे कमरेपर्यंत. त्याच्यावर एक सपाट टप्पा होता, दगडगोट्यांचा, आणि त्या टप्प्यावर गावाची सर्वांत जुनी मोहाची झाडे होती. टप्प्याच्या वर मात्र सरळ चढ, 30 अंशांहून कमी नाही, झाडे विरळ आणि गवत दाट. चढ संपला की पठाराची कड, कडेने जाणारी गाडवाट, गाडवाटेपलीकडे हार्वेस्टरने कापलेल्या गव्हाचे वीतभर धसकट आणि त्या शेतांना लागूनच तीसेक घरांची वस्ती. काही छपरे गवताची, बहुतेक घरांपुढे भुश्याचे ढीग. पूर्वेला एक खडकाळ कोरडा ओढा, पश्चिमेला बांबूचा ओढा आणि त्याच्या पलीकडे आमचे तीन वर्षांचे रोपवन.

वारा पश्चिमेकडून होता, मध्यम, अधूनमधून झुळकांचा. तापमान 40 अंशांच्या वर गेले होते आणि हवेतली आर्द्रता 15 टक्क्यांच्याही खाली. हातातले छोटे यंत्र नसते तरी हे कळले असते, कारण धावड्याचे पान मुठीत दाबले की त्याचा भुगा होत होता, नुसते तुकडे नव्हेत. अशा दिवशी पाचोळ्यात पडलेली प्रत्येक ठिणगी पेट घेते असे गृहीत धरूनच पुढचा विचार करावा लागतो.

निर्णयाची पद्धत प्रत्येक अधिकाऱ्याची वेगळी असते. माझी अशी होती की रोजनाम्याच्या वहीच्या मागच्या पानावर चार रकाने आखायचे. पहिल्यात धोक्यात असलेली गोष्ट, दुसऱ्यात तिथे आग पोहोचण्याची शक्यता, तिसऱ्यात पोहोचल्यास होणारे नुकसान भरून यायला लागणारा काळ, आणि चौथ्यात ती वाचवायला नेमकी कोणती माणसे कुठे उभी करावी लागतील ते. शक्यतेसाठी मी टक्के लिहीत नसे. कमी, मध्यम, जास्त एवढेच. जिथे मोजमाप नाही तिथे आकडे लिहिले की खोटा आत्मविश्वास येतो, असे माझे मत होते आणि आजही आहे.

तिसरा रकाना मी स्वतः वाढवला होता आणि खरा निर्णय बहुतेक वेळा तिथेच होत असे. त्या दिवशी वस्तीपुढे मी लिहिले: शक्यता जास्त, धान्य, जनावरे, छपरे, एक-दोन वर्षे, माणूस गेला तर भरपाई नाही. रोपवनापुढे: शक्यता मध्यम, कारण ते वाऱ्याच्या वरच्या बाजूला, साग मुळापासून पुन्हा फुटेल, आवळा आणि बांबू बहुतेक जातील, तीन-चार वर्षांचे काम. टप्प्यावरच्या मोहापुढे: शक्यता जवळजवळ निश्चित, जून झाडांची साल जाड असते, जमिनीवरून जाणाऱ्या आगीत ती मरत नाहीत, जाईल ते या हंगामातले उरलेले उत्पन्न. तेंदूपुढेही तसेच, कारण आगीनंतर त्याला नवा फुटवा येतो. गवतापुढे: पावसाळ्यापर्यंतची चराई. आणि सरळ चढापुढे: पहिल्या पावसात माती वाहील, तिचा काळ लिहिता येत नाही.

आता पर्याय. सर्वांना पहिल्यांदा सुचतो तो पर्याय म्हणजे टप्प्यावर उतरून आगीला तिथेच अडवणे. तो वेडगळ नव्हता, हे मुद्दाम सांगतो. हाताच्या साधनांनी, म्हणजे फांद्या, दाताळी, झोडपे यांनी, आगीच्या तोंडावर काम करता येते ते ज्वाळा साधारण 1.2 मीटरच्या आत असतील तोवर, आणि टप्प्याच्या खालच्या पाचोळ्यातल्या ज्वाळा त्याहून कमी होत्या. जागा सपाट, दगडगोट्यांची. पुस्तकात बघितले तर अडवायला याहून चांगली रेघ सापडणार नाही. दुसरा पर्याय असा की टप्पा आणि चढ दोन्ही सोडायचे, गाडवाटेवर उभे राहायचे आणि आग गवतात शिरण्याआधी वरूनच काउंटर फायर, म्हणजे समोरून आपली आग, लावून गवताचा एक पट्टा रिकामा करायचा. तिसरा, पिछाडीकडून, जळून गेलेल्या भागातून शिरून बगलेने आग दाबत वर जायचे. चौथा, वस्ती हलवायची आणि बाकी सगळे रात्रीपर्यंत जळू द्यायचे.

चौथा पर्याय मी खोडला नाही, बाजूला ठेवला. टप्प्याच्या पर्यायावर मात्र आमचा खल झाला, कारण तोवर वस्तीतली माणसे दांडावर पोहोचली होती आणि त्यांचे पटेल, म्हणजे गावप्रमुख, पुढे होते. टप्प्यावरचा मोह वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक घराचा. त्यांचे म्हणणे असे की दहा-बारा तरुण उतरतील, निदान प्रत्येक झाडाभोवतीचा पाचोळा तरी ओढून काढतील, आणि सरकारने नुसते उभे राहून बघावे. डिप्टी रेंजर माझ्याकडे बघत होते. त्यांनाही मोहाची किंमत माहीत होती.

मी पटेलांना वहीवरच वेळ मांडून दाखवली. आग टप्प्यावर यायला सुमारे एक तास. दांडावरून गाडवाटेवर जाऊन खाली टप्प्यावर उतरायला वीस मिनिटे. झाडांभोवतीची सफाई कितीही घाई केली तरी अर्धा तास. मग परत वर यायला, या उन्हात, गवतातून, अर्धा तास. हिशोब तासाच्या बाहेर जात होता, आणि त्या परतीच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना मांडीइतके वाळलेले गवत होते. टप्प्यावर एखादी ठिणगी डोक्यावरून मागे पडली, तर खालून एक आग आणि वरच्या चढावर दुसरी, अशी स्थिती. टप्प्याचे दगड माणसाला आसरा देण्याइतके मोकळे नव्हते, कारण त्यांच्या सांध्यांत पाचोळा भरला होता.

पटेल म्हणाले, "साहेब, आम्ही या चढावर लहानपणापासून पळतोय."

ते खरेच होते. तेही आणि त्यांची मुलेही आमच्या कोणापेक्षा जोरात पळू शकली असती. 1949 मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मॅन गल्च नावाच्या घळीत, अशाच गवताच्या चढावर, ऑगस्टच्या दुपारी तेरा अग्निशामक मेले. त्यांतले बारा विमानातून उडी मारून आगीवर उतरणारे तरणेबांड जवान होते आणि चढ चढून वाचण्याच्या प्रयत्नात त्यांना आगीने गाठले. त्यांचा प्रमुख वाचला तो न पळता, समोरच्या गवताला स्वतः काडी लावून, त्याच्या जळलेल्या राखेत आडवा पडून. ही हकिगत मी पटेलांना सांगितली नाही, वेळही नव्हता. मी एवढेच म्हटले की मोहाची झाडे पुढच्या वर्षी पुन्हा फुलतील, आणि मला तुमची माणसे वरती ट्रॅक्टरवर हवी आहेत. ते नाराज झाले, ते लपवलेही नाही. पण ट्रॅक्टर निघाले.

येथे थोडे विषयांतर करतो. अमेरिकेच्या वनसेवेने 1935 मध्ये असा दंडक घातला होता की लागलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. पुढे कित्येक दशके तो पाळला गेला, जंगलात जळण साठत गेले आणि पुढच्या आगी अधिक मोठ्या होऊ लागल्या. नंतर तिथल्या धोरणात लक्ष ठेवणे, एका हद्दीत रोखणे, ठरावीक जागेचे रक्षण करणे आणि पूर्ण विझवणे अशा पायऱ्या आल्या आणि 2009 पासून त्यांच्याकडे हा निर्णय कारणांसह संगणकावर नोंदवण्याची प्रणाली वापरात आली. आपल्याकडे ते जसेच्या तसे आणता येणार नाही, कारण आपल्या जंगलात वस्ती आहे, गुरे आहेत, मोह आणि तेंदू आहे. शिवाय पानगळीच्या जंगलात एखादी आग मोठी झाडे सोसतात, पण दरवर्षी आग फिरली तर रोपे उरत नाहीत आणि जंगल म्हातारे होत जाते. त्यामुळे "जळू द्या" हे वाक्य मी फार जपून वापरत आलो. परंतु नाकारलेला पर्यायही कारणासकट लिहून ठेवायचा, ही त्यांची सवय मला फार मोलाची वाटते. लिहायला बसले की "जोर लावला तर होईल" यासारखे कारण कागदावर उतरतच नाही.

आम्ही ठरवले ते दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायांचे मिश्रण होते. गाडवाटेच्या वरच्या बाजूला धसकटात दोन ट्रॅक्टर कल्टिव्हेटर फिरवून मातीचा पट्टा मोकळा करतील. डिप्टी रेंजर, एक वनरक्षक, दोन चौकीदार आणि गावातले निवडक लोक गाडवाटेवरून काउंटर फायर लावतील, सुरुवात पूर्वेच्या खडकाळ ओढ्याच्या माथ्यापासून, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने पश्चिमेकडे सरकत. असे केले की लावलेली आग आपल्या पुढच्या कामाच्या अंगावर येत नाही. एक वनरक्षक आणि दोन चौकीदार ब्लोअर, म्हणजे पाचोळा उडवणारी हवेची यंत्रे, घेऊन तळाशी जातील, जळलेल्या राखेतून शिरतील आणि पश्चिमेची बगल दाबत रोपवनाच्या बाजूने वर येतील. त्यांच्या पाठीमागे सतत जळून गेलेली काळी जमीन असेल, आणि काही बिनसले तर तीच त्यांची आसऱ्याची जागा. पूर्वेची बाजू आम्ही सोडली. आगीने ओढा ओलांडलाच, तर पलीकडे वस्ती नाही, आणि खालचा पक्का रस्ता लागेपर्यंत ती जळेल, हे नुकसान मी वहीत मान्य म्हणून लिहिले आणि सही केली.

निघण्याआधी सगळ्यांना एकत्र उभे करून बोललो. पॉल ग्लीसन या अमेरिकन अग्निशामकाने 1991 मध्ये चार गोष्टी एकत्र मांडल्या आणि त्या जगभर शिकवल्या जातात: टेहळणी, संपर्क, निसटण्याची वाट, सुरक्षित जागा. त्यांतली एक जरी नसली तरी काम सुरू करायचे नाही. आमचा टेहळणीचा चौकीदार दांडावर, धुराच्या वरच्या बाजूला राहिला. खाली मोबाइल चालत नव्हता, म्हणून शिटी: एक लांब म्हणजे थांबा आणि बघा, सलग तीन म्हणजे हातातले टाकून निघा. नायलॉनचे शर्ट घातलेल्या दोन मुलांना मी कामावरून उतरवले, कारण नायलॉन वितळून कातडीला चिकटते. एक तर जाम रुसला. आणि निर्णय मोडायचा केव्हा, हेही तेव्हाच ठरवले. आग टप्प्यावर पोहोचेपर्यंत काउंटर फायरचा पट्टा निम्म्याहून कमी झाला असेल, तर गाडवाट सोडायची, सगळ्यांनी नांगरलेल्या मातीमागे यायचे आणि वस्ती हलवायची. बाजूला ठेवलेला चौथा पर्याय म्हणजे हाच.

मदतीची सक्ती करता येते. भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 79 प्रमाणे राखीव जंगलात हक्क भोगणाऱ्यांनी आग विझवायला मदत करणे बंधनकारक आहे, आणि कलम 26 प्रमाणे मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली तर त्या जंगलातली चराई आणि वनोपज बंद करण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. कलम दाखवून आणलेला माणूस मात्र फांदी हातात घेतो आणि धुराच्या कडेला उभा राहतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्या दिवशी आग कशी लागली हे मी एकालाही विचारले नाही. ती चौकशी नंतर झाली, आणि अपेक्षेप्रमाणे "अज्ञात" या शब्दावर थांबली.

काउंटर फायर लावणे हे दिसते तेवढे सोपे काम नाही. टोकाला पेटता बोळा बांधलेली काठी घेऊन डिप्टी रेंजर गाडवाटेच्या कडेकडेने चालत होते, दर काही पावलांवर गवताला टेकवत, आणि मागची माणसे लावलेली आग आपल्या बाजूला येत नाही ना ते बघत. उताराने खाली जाणारी आग मंद असते, वारा वर येत असल्यामुळे तर तिचे तोंड सारखे आमच्याकडे वळायचे. धूर डोळ्यांत जाऊन काही दिसेनासे होई. अर्ध्या वाटेवर एक झुळूक आली आणि ठिणग्या गाडवाट ओलांडून एका भुश्याच्या ढिगावर पडल्या. तिथे बायका ओली गोणपाटे घेऊन उभ्या होत्या, त्यांनी तो ढीग पेटण्याआधीच दाबला. त्यांना तिथे उभे करण्याची सूचना माझी नव्हती, पटेलांची होती.

"साहेब, मधला तुकडा उरलाय, आणि टेहळणीवाला शिटी मारतोय," असे डिप्टी रेंजर ओरडले तेव्हा पाच वाजायला आले होते. शिटी एकच लांब होती. आग टप्प्यावर आली होती. पट्टा निम्म्याच्या बराच पुढे गेला होता, त्यामुळे ठरलेल्या अटीप्रमाणे आम्ही थांबलो नाही, उरलेला तुकडा पेटवून माणसे मातीमागे घेतली. त्यानंतर जे झाले त्याला काही मिनिटेच लागली. टप्प्यावर सावकाश रांगत आलेली आग गवताला लागताक्षणी उठली, ज्वाळा दोन माणसांच्या उंचीच्या झाल्या, चढभर एकच आवाज झाला, आणि जळलेल्या काळ्या पट्ट्याशी येऊन ती खाली बसली. गवतातून वर जाणारी जी पायवाट आम्ही परतीची वाट म्हणून मोजली होती, ती त्या काही मिनिटांत दिसेनाशी झाली. पटेल माझ्या शेजारीच उभे होते. कोणी काही बोलले नाही, आणि बोलण्यासारखा वेळही नव्हता, कारण पूर्वेचा ओढा त्याच सुमारास आगीने ओलांडला.

इथे निर्णय दुसऱ्यांदा घ्यावा लागला. वस्ती वाचल्यामुळे सगळ्यांना हुरूप आला होता आणि पूर्वेच्या आगीमागे धावण्याची तयारी होती. माणसे दमलेली आहेत, पाणी संपत आले आहे, त्या बाजूला टेहळणी नाही आणि सूर्य मावळायला तास-दीड तास आहे, एवढे चार मुद्दे लिहून मी नाही म्हटले. सूर्य गेला की उतारावरचा वारा फिरतो, वर चढणारी हवा थंड होऊन खाली उतरू लागते, आर्द्रता वाढते आणि ज्वाळा आपोआप बसतात. त्या वेळात माणशी पाणी पोहोचवले, भाकरी-चटणी आली, आणि खालच्या पक्क्या रस्त्याच्या कडेचा पाचोळा साफ करून घेतला. रात्री नऊनंतर दोन तुकड्या त्या रस्त्यावरून वर गेल्या आणि गुडघ्याइतक्या ज्वाळांवर काम करून मध्यरात्रीनंतर आगीला वेढा पूर्ण झाला. पश्चिमेची बगल ब्लोअरवाल्यांनी संध्याकाळीच बंद केली होती, रोपवनाचा फक्त कडेचा तुकडा गेला. उपग्रहाची सूचना मोबाइलवर आली ती आम्ही रस्त्यावर बसून चहा पीत असताना.

पुढचे दोन दिवस विझवलेल्या भागात फिरणे हे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत दुर्लक्षित काम असते. एक पोकळ सालई आतून चिमणीसारखी जळत होती, वरच्या भोकातून ठिणग्या उडत होत्या, आणि ती पाडायला कुऱ्हाड चालवण्याआधी ती कोणत्या बाजूला पडेल यावर अर्धा तास गेला. जळते ओंडके उताराने घरंगळत जाऊन खाली नवी आग लावतात, म्हणून ते आडवे चर खणून अडवावे लागतात. टप्प्यावरचा मोह उभा होता, बुंधे काळे, वरची फांदी न् फांदी शाबूत. त्या आठवड्यात गळलेली फुले राखेत पडली, काही घरांनी ती धुऊन वाळवली, पण भाव पडला. ते नुकसान वस्तीने सोसले, खात्याने नाही. माझ्या अहवालात त्याला रकाना नव्हता, म्हणून मी ते शेऱ्यात लिहिले.

जीपीएसने मोजल्यावर जळलेले क्षेत्र सत्तर हेक्टरच्या आसपास भरले आणि त्यातला जवळजवळ अर्धा भाग पूर्वेकडचा, म्हणजे आम्ही जाणूनबुजून सोडलेला. वरून विचारणा झाली की टप्प्यावर आग अडवता येण्याजोगी असताना अडवली का नाही. प्रश्न रास्त होता, कारण नकाशावर तो टप्पा खरोखरच उत्तम रेघ दिसतो. मी वहीच्या पानाची प्रत जोडली, वेळेच्या हिशोबासकट. त्यावर पुढे काही आले नाही. पाच वर्षांनी, 13 जून 2024 रोजी, अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले चार वनकर्मचारी जागीच गेल्याची बातमी आली, तेव्हा निवृत्त झालो असूनही मी ते पान काढून पुन्हा पाहिले. त्या घटनेतले निर्णय कसे झाले यावर बोलण्याचा मला अधिकार नाही. माझ्या पानावरच्या चौथ्या रकान्यात कोणाची नावे लिहिली होती, ती फक्त वाचली.

पुढच्या हंगामाआधी वन समितीच्या बैठकीत टप्पा आणि पूर्वेचा ओढा हे दोनच विषय घेतले. मोहाखालचा पाचोळा पेटवण्याऐवजी झाडून एका खड्ड्यात टाकायचे वस्तीने कबूल केले, सगळ्यांनी ते पाळले असे म्हणता येणार नाही, पण टप्प्यावरच्या झाडांपुरते पाळले. धसकटाची गाडवाटेलगतची पट्टी कापणीनंतर लगेच नांगरायची, हेही ठरले. आम्ही 15 फेब्रुवारीच्या आत टप्प्याच्या खालच्या कडेने सहा मीटर रुंदीची जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी मोकळी पट्टी, काढली, दगडांच्या सांध्यांतला पाचोळा उपसला, आणि टप्प्यापासून गाडवाटेपर्यंतच्या चढावर गवत मुळापासून कापून एक रुंद वाट मोकळी केली. त्या वाटेने टप्प्यावरून वर यायला किती वेळ लागतो हे भर दुपारी, ओझ्यासह, वेगवेगळ्या वयाच्या माणसांना चालवून मोजले, आणि सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा वेळ वहीत लिहिला. टप्पा धरण्याचा पर्याय त्यानंतर आमच्या यादीत आला.